आधी विजेचं बिल बघा, मग शोरूममध्ये जा

नमस्कार मंडळी.

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : कुठली घ्यावी? टाटाची, एमजीची, महिंद्राची? आज मी मॉडेलांवर जवळपास बोलणार नाही. तुमची गाडी रात्री कुठे उभी असते आणि महिन्याला किती किलोमीटर चालते, या दोन प्रश्नांवर सगळा हिशेब उभा आहे. ही उत्तरं हातात नसतील तर शोरूममधला तरुण जो कागद दाखवेल तो खरा वाटेल. तो कागद खोटा नसतो, पण तो तुमच्या घराचा नसतो.

पैशांपासून सुरुवात करू, कारण बहुतेक माणसं त्यासाठीच हा विचार करतात.

पुण्यातला पेट्रोलचा भाव लिटरला १०४ रुपयांच्या आसपास पकडू. शहरातल्या गर्दीत साधारण पेट्रोल गाडी लिटरला पंधरा किलोमीटर देते असं धरू. महिन्याला हजार किलोमीटर चालली, तर पेट्रोल सुमारे सात हजारांचं. मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक गाडीला त्याच हजार किलोमीटरला मीटरवर साधारण १६० युनिट लागतात. मीटरवर म्हणतोय, कारण चार्ज होताना दहा-बारा टक्के वीज उष्णतेत जाते. गाडीच्या पडद्यावर दिसतो तो आकडा बॅटरीतून खर्च झालेल्या विजेचा. बिल येतं ते मीटरचं.

आता हे १६० युनिट किती रुपयांचे? जाहिरातीत, व्हिडिओंमध्ये युनिटला सात-आठ रुपये धरतात आणि ‘किलोमीटरला सव्वा रुपया’ असं सांगतात. महाराष्ट्रात, महावितरणच्या घरगुती मीटरवर, हे बहुतेक घरांना लागू होत नाही. आपले दर पायऱ्यांचे आहेत. २०२४-२५ च्या दरपत्रकात वहन आकार, म्हणजे वीज तारांवरून घरापर्यंत आणण्याचा आकार, धरून पहिल्या १०० युनिटांना सहाच्या आत, १०१ ते ३०० ला साडेअकराच्या आसपास, आणि ३०० च्या वर पावणेसोळा रुपये असा दर होता. त्यावर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत राहतात, म्हणून तुमचं ताजं बिल काढून मागची बाजू वाचा. पण पायऱ्यांची रचना कायम आहे आणि तीच महत्त्वाची. घरात आधीच फ्रिज, गिझर, एखादा एसी आहे, महिन्याला २५० युनिट जळतात. गाडीचे युनिट त्या २५० च्या डोक्यावर चढतात. म्हणजे गाडीला स्वस्त युनिट मिळतच नाहीत. ते तुमच्या दिव्या-पंख्यांनी आधीच वापरलेले असतात. गाडीच्या वाट्याला येतात ते शुल्क धरून तेरा रुपयांचे आणि अठरा रुपयांचे.

या हिशेबाने १६० युनिटांचे सुमारे २,७०० रुपये होतात. किलोमीटरला पावणेतीन रुपये. सव्वा रुपयाच्या दुप्पट, तरीही पेट्रोलच्या सात रुपयांपेक्षा निम्म्याहून कमी. महिन्याला चार हजारांच्या वर वाचतात, वर्षाला पन्नास हजार. ही बचत खरी आहे, आणि ती खरा दर धरून निघालेली आहे.

पण महिन्याला चारशेच किलोमीटर चालवणारं घर घ्या. निवृत्त जोडपं, बाजार, बँक, कधी मुलीकडे. अशी घरं या सभागृहात बरीच असतील. त्यांचं पेट्रोल पावणेतीन हजारांचं, वीज नऊशेची. वर्षाला वाचले बावीस हजार. दोन गाड्यांच्या किमतीत तीन लाखांचा फरक असेल आणि ते तीन लाख नऊ टक्क्यांनी कर्जाऊ घेतले असतील, तर पहिल्या वर्षाचं व्याजच सत्तावीस हजार. बचत व्याजालाही पुरत नाही. अशा घराला मी स्पष्ट सांगतो : पैशांसाठी घेणार असाल तर घेऊ नका. आहे ती गाडी नीट ठेवा. आवाज नसतो, चालवायला हलकी आहे, धूर नको, म्हणून घ्यायची असेल तर जरूर घ्या. ती कारणंही खरी आहेत, फक्त त्यांना बचतीचं नाव देऊ नका.

किमतीतल्या फरकाबद्दल एक गोष्ट अनेकांच्या लक्षात आलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला. त्याआधी तो २८ टक्के आणि वर उपकर असा होता. इलेक्ट्रिक गाडीचा २०१९ पासून ५ टक्के आहे, तो तसाच राहिला. म्हणजे पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि मधलं अंतर वाढलं. त्याआधीचे सगळे ‘किती वर्षांत वसूल’ असे तक्ते जुने झाले. नवे भाव घालून पुन्हा मांडा. तुलना मात्र शोरूम किमतीची करू नका, रस्त्यावर येईपर्यंतच्या किमतीची करा. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के वाहन कर आहे आणि इलेक्ट्रिकला तो माफ आहे. तिथे लाख-सव्वा लाख सहज भरून येतात. विम्यात थर्ड पार्टी हप्त्यावर १५ टक्के सूट आहे, पण गाडीची किंमत जास्त असल्याने स्वतःच्या नुकसानीचा हप्ता वाढतो. तिथे फारसं हाती लागत नाही.

टोलचं सांगतो. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू आणि समृद्धी महामार्ग या तिन्ही ठिकाणी इलेक्ट्रिक गाड्यांना टोल माफ केला. द्रुतगती मार्गावर कारचा एकेरी टोल ३२० रुपये. दर आठवड्याला मुंबईला जाऊन येणाऱ्याचे महिन्याला अडीच हजार इथेच वाचतात. त्याचं किलोमीटरही भरपूर होतं. असा माणूस माझ्याकडे आला तर मी त्याला फार विचार करू देत नाही.

एक चिठ्ठी आली आहे : ‘मीटर वेगळा घेता येतो का?’ येतो, आणि हे फार थोड्यांना माहीत आहे. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्कांचे वीज नियम सुधारले. त्यात गाडी चार्ज करण्यासाठी स्वतंत्र जोडणी मागण्याची तरतूद स्पष्ट आहे. आपल्या वीज नियामक आयोगाने तर २०१८ मध्येच चार्जिंगसाठी वेगळा दरगट केला. त्या गटात घरगुती पायऱ्या नाहीत. जास्त चालवणाऱ्याला या गटातली जोडणी मिळाली तर ती फायद्याची ठरते, कारण अठरा रुपयांच्या युनिटातून सुटका होते. मात्र तिचा स्वतःचा मासिक आकार असतो, गाडी जागची हलली नाही तरी भरावा लागतो. म्हणून चारशे किलोमीटरवाल्यांनी घरच्याच मीटरवर राहावं. मुंबईत बेस्ट, अदानी, टाटा पॉवर यांचे दर निराळे. तिथल्यांनी आपापल्या दरपत्रकावर हिशेब मांडावा.

आणि ज्यांचं स्वतःचं छप्पर आहे, बंगला असो की रो-हाउस, त्यांच्यासाठी सगळं चित्रच बदलतं. छपरावर सौर पॅनेल बसवण्यासाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे, तिच्यात तीन किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. आपल्याकडे एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतं, म्हणजे तीन किलोवॅटचे महिन्याला ३५० च्या आसपास. नेट मीटरिंगमध्ये सौर युनिट वजा होतात ते वरच्या, महाग पायरीपासून. गाडीने जे अठरा रुपयांचे युनिट वाढवले, नेमके तेच छपरावरून खाली येतात. सांगली, नाशिक, नगरकडे स्वतःचं घर असलेल्या कुटुंबाला मी म्हणतो, आधी पॅनेल बसवा, गाडी सहा महिन्यांनी घ्या.

आता घराबाहेर पडू. कागदावरचा पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला यांत मोठं अंतर आहे. टाटाच्या नेक्सॉनच्या मोठ्या बॅटरीचा प्रमाणित आकडा ४८९ किलोमीटर. कंपनी स्वतःच प्रत्यक्षातला अंदाज त्याहून शंभरावर किलोमीटरने कमी सांगते, आणि एसी लावून वेगाने गेलं की आणखी कमी मिळतो. वेग हा बॅटरीचा सगळ्यात मोठा शत्रू आहे. समृद्धीवर १२० ची परवानगी आहे म्हणून १२० ने गेलात, तर ऐंशी-नव्वदला मिळणारा पल्ला तिथे मिळणार नाही. घाटाची भीती मात्र अनेकांना उगाच वाटते. चढताना बॅटरी भराभर उतरते हे खरं, पण उतरताना मोटरच ब्रेकचं काम करते आणि काही वीज परत भरते. बोरघाट चढून लोणावळ्यात आलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर काळजी असते. तोच माणूस परत खोपोलीत उतरतो तेव्हा टक्केवारी बघून हसत असतो.

पुणे-कोल्हापूर सव्वादोनशे किलोमीटर, मोठ्या बॅटरीला एका दमात जमतं. कोकणात जाताना जास्त तयारी लागते. तिथे एका चार्जरच्या भरवशावर कधीही निघू नका, पुढचा दुसरा कुठे आहे ते माहीत हवं. चार्जर नकाशावर असतो, पण तो चालू असेलच असं नाही. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, त्यात आधी पैसे भरून ठेवावे लागतात, आणि घाटाखाली मोबाइलला रेंज नसते. गणपतीत, दिवाळीत रांगा लागतात. पेट्रोलच्या रांगेत गाडी पाच मिनिटांत सुटते, इथे पुढच्या प्रत्येक गाडीला पाऊण तास. बाहेरच्या जलद चार्जरवर युनिटला अठरा ते पंचवीस रुपये आणि वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे किलोमीटरला साडेतीन-चार रुपये. घरी चार्जिंगची सोय नाही आणि रोज बाहेरच भरणार, अशा माणसाची जवळपास पाव बचत तिथेच जाते, आणि आठवड्यातले दोन-तीन तास चार्जरपाशी बसण्यात जातात. त्याने सध्या थांबावं असं माझं मत आहे.

बॅटरीबद्दल लोक फार घाबरतात, त्यामानाने तिथे धोका कमी आहे. निदान आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही हमी बहुतेक कंपन्या देतात. तुम्ही वाचायचं ते वेगळंच : बॅटरीची क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर हमी लागू होते, आणि गाडी विकली तर ती पुढच्या मालकाला मिळते का. कारण जुन्या इलेक्ट्रिक गाडीला भाव कमी येतो, आणि जो येतो तो या कागदावर येतो. पाच वर्षांनी गाडी बदलण्याची सवय असेल तर हा घाटा आधीच हिशेबात धरा. दहा वर्षं वापरणार असाल तर सोडून द्या.

प्रदूषणावर एकच मिनिट. आपली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, भुसावळच्या कोळशावर होते. देशातल्या सरासरी युनिटमागे सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर शंभर किलोमीटरला सोळा युनिट म्हणजे सव्वाअकरा किलो. तेवढ्याच अंतराला पेट्रोल गाडी पंधरा किलो सोडते. फरक आहे, पण ‘शून्य प्रदूषण’ हा शब्द मला मान्य नाही. शाळेच्या दारात, सिग्नलवर धूर नाही, ही गोष्ट मला आजच्या घडीला अधिक मोलाची वाटते. आणि वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी आज घेतलेली गाडीही स्वच्छ होत जाईल.

शेवटची चिठ्ठी एका ताईंची आहे. ‘सोसायटी परवानगी देत नाही, काय करू?’ ताई, तोंडी विचारू नका. कमिटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जात लिहा की वीज तुमच्याच मीटरवरून किंवा स्वतंत्र जोडणीवरून येईल, सोसायटीच्या सामाईक मीटरला हात लागणार नाही. परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून मीटर खोलीपासून तुमच्या पार्किंगपर्यंतच्या केबलचा नकाशा काढून जोडा. त्यात अर्थिंग, जादा भाराला वीज तोडणारी एमसीबी आणि गळतीला वीज तोडणारी आरसीसीबी दाखवा. कमिटीला आगीची भीती असते आणि ती रास्त आहे, तिला उत्तर कागदावर द्या. गाडीसोबत येणारी मोफत वायर ठरावीक लांबीचीच असते, तुमचं पार्किंग तळघराच्या टोकाला असेल तर पुढचा खर्च तुमचा. तुमच्या मीटरचा मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे तो आकडा, तीन किलोवॅटचा असेल तर साध्या चार्जरसाठीसुद्धा तो वाढवून घ्या, सात किलोवॅटच्या चार्जरला तर घ्यावाच लागेल. आणि हे सगळं होऊन हातात परवानगी आल्याशिवाय गाडीची बुकिंगची रक्कम भरू नका.