मूळ फाइल कुणाकडे आहे?

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय 'घरचे डिजिटल फोटो : लावणं, सुधारणं, वाटणं'. त्याकडे येतोच. पण आधी एक तक्रार. फोटो लावायला बसलेल्या घरात सगळे फोल्डरवरून भांडतात, आणि मुळातला प्रश्न कुणी विचारतच नाही: मूळ फाइल कुणाकडे आहे?

लग्न घ्या. फेब्रुवारीत नाशिकला लागलं. अंतरपाट बाजूला होतानाचा नेमका क्षण मामांच्या फोनने टिपला. १२ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल. मामांनी तो वऱ्हाडाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. नेहमीच्या दर्जात पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. १६०० बाय १२०० म्हणजे दोन मेगापिक्सेलसुद्धा भरत नाहीत. सहातले पाच हिस्से तिथेच गेले. पुढे मावशींनी त्याचा स्क्रीनशॉट काढून भाच्याला पाठवला. हसू नका, या सभागृहात निम्म्या गॅलऱ्यांत नवरा-नवरीच्या डोक्यावर बॅटरी १४ टक्के असेल.

आता दिवाळीत टूम निघते, मोठी फ्रेम करू या. १२ बाय १८ इंच. इंचाला निदान २०० पिक्सेल धरले तर ३६०० बाय २४०० हवेत. मामांच्या फाइलमध्ये ते आरामात बसतात. ग्रुपवरच्या फोटोत इंचाला नव्वदही पडत नाहीत. भिंतीवर लावल्यावर नथीचे मोती एकमेकांत मिसळून एक पांढरा ठिपका होतो. स्टुडिओवाला म्हणतो, 'ओरिजिनल आणा.' आणि तोवर मामांनी फोन एक्स्चेंजमध्ये दिलेला असतो!

पिक्सेल गेले हे निदान डोळ्यांना दिसतं. दुसरं नुकसान दिसत नाही. कॅमेरा प्रत्येक फाइलमध्ये एक्झिफ नावाची नोंद ठेवतो: काढल्याची तारीख-वेळ, कॅमेरा, लेन्स, परवानगी असेल तर ठिकाणही. फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सअॅप ही नोंद काढून टाकतं. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात 'आयएमजी-२०२४११०१-डब्ल्यूए००१२' अशी जी तारीख दिसते ती पाठवल्या-मिळाल्याची. म्हणजे फेब्रुवारीतलं लग्न गॅलरीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, फराळाच्या ताटांशेजारी. मग आपण म्हणतो, फोन फोटो नीट लावत नाही. लावणार कशावरून?

उपाय दोन मिनिटांचा आहे. पेपरक्लिप दाबा, 'डॉक्युमेंट' निवडा, त्यातून फोटो पाठवा. २ जीबीपर्यंतची फाइल जशीच्या तशी जाते. 'एचडी' निवडलं तर आकार मोठा राहतो, पण फाइल लहान करायची दाबादाबी पूर्ण थांबत नाही. एक मात्र सांगतो, सोसायटीच्या ग्रुपवर साधाच फोटो बरा. मूळ फाइलबरोबर तुमच्या घराचं लोकेशनही जाऊ शकतं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरलीत. तर आता पत्रिकेवरचा विषय.

फोल्डरचं नाव वर्षापासून सुरू करा: '२०२४-०२-१४ नाशिक लग्न'. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या वर्षांच्या चौदा तारखा एका रांगेत येतात. एका समारंभाचे सगळ्यांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाका आणि काढल्याच्या वेळेनुसार लावा. इथे घोळ होतो तो घड्याळांचा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याहून आलेल्या आत्यांच्या कॅमेऱ्यात तिथलीच वेळ राहिली, तर फेब्रुवारीत ती साडेदहा तास मागे असते. सकाळी अकराची मंगलाष्टकं मध्यरात्री साडेबाराला! एकेक फोटो हलवत बसू नका. दोन्ही कॅमेऱ्यांतला एकाच क्षणाचा फोटो शोधा, फरक काढा आणि डिजिकॅम किंवा एक्झिफटूल या संगणकावरच्या प्रोग्रॅमने आत्यांच्या सगळ्या फोटोंना तेवढी वेळ एकदम वाढवा. दोन्ही फुकट आहेत.

सुधारणा नेहमी प्रतीवर. जेपेग, म्हणजे फोटोची नेहमीची फाइल, उघडून, बदलून पुन्हा सेव्ह केला की दर वेळी थोडा दर्जा उतरतो. फोनचा फोटो ४:३, आणि ४ बाय ६ इंचाची प्रिंट ३:२. म्हणजे उंचीचा नववा हिस्सा कापला जातो, आणि ग्रुप फोटोत तो मागच्या रांगेतल्या काकांच्या टोपीतूनच जातो. कापायचं कुठून ते स्वतः ठरवा, लॅबवर सोडू नका. लाल-गुलाबी मांडवाखाली चेहरे रंगलेले येतात. फोटो सुधारायच्या अॅपमधला व्हाइट बॅलन्सचा ड्रॉपर, म्हणजे 'हे पांढरं धर' असं सांगणारी खूण, पांढऱ्या अंतरपाटावर टेकवा, बरंचसं काम होतं. हळदीचे फोटो मात्र 'ऑटो'वर सोडू नका. तो पिवळा रंग चूक समजून काढायला जातो आणि चेहरे निळसर पडतात.

जपणूक. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा बंद झाली. आता १५ जीबी, तेही जीमेल आणि ड्राइव्हसकट. अॅपमध्ये बॅकअप झालेला फोटो डिलीट केलात तर तो क्लाउडमधूनही जातो. ट्रॅशमध्ये ६० दिवस मिळतात, पुढे नाही. म्हणून तिथे आहेत तर आहेत, पण एक हार्ड डिस्क घरात आणि दुसरी दुसऱ्या गावी भावाकडे हवीच. पेनड्राइव्हला डिस्क समजू नका. कॉपी संपली की प्रत्येक फोल्डरमधले दोन-चार फोटो डिस्कवरूनच उघडून पूर्ण मोठे करून बघा. थंबनेल दिसतंय म्हणजे फाइल शाबूत आहे असं नाही. अर्धवट कॉपी झालेल्या फाइलचा खालचा भाग करडा दिसतो.

वाटण्यासाठी सामायिक अल्बमची लिंक चांगली. पण लिंक ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो, आणि मालकाने फोटो काढला की तुमच्याकडूनही गेला. हवे असतील ते आजच उतरवून घ्या.