वही कोणाची

[दृश्य: नागपूर, सीताबर्डी, सकाळ. झिरो माईलचा दगडी खांब, मागे उड्डाणपूल, खाली ऑटोंची रांग.]

या पुलाच्या नावात ‘आदिवासी गोवारी’ असे दोन शब्द आहेत. रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. पण हे दोन शब्द एकमेकांशेजारी ठेवायचे की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

२३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं. पिढ्यान्‌पिढ्या गुरं राखणारा गोवारी समाज अनुसूचित जमातीच्या सवलती मागायला विधानभवनाकडे निघाला होता. चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली. त्यांत बहुतेक बाया आणि लेकरं.

[दृश्य: गोवारी स्मारक. वाळलेला हार, कबुतरं.]

भांडण एका नोंदीचं होतं. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असं लिहिलेलं. हे गोवारी ते आपणच, की ती गोंडांमधलीच वेगळी शाखा? ऑगस्ट २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने कौल दिला. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. वाद चालला तो जुन्या जनगणनांवर आणि इंग्रजी अमलात लिहिलेल्या जातिवर्णनांवर. इंग्रज अधिकारी रसेल आणि त्यांचे सहकारी हिरालाल यांचे मध्य प्रांतातल्या जातीजमातींवरचे चार खंड १९१६ चे. तेव्हा लिहिणाऱ्याने गुराख्याला काय विचारलं आणि काय ऐकलं, ते तपासायला आज कोणीच उरलेलं नाही. नातवंडांच्या दाखल्यावर मात्र त्या ओळींचा भार आहे.

म्हणून विदर्भातल्या पाड्यावर कोणी वही काढून बसलं की पहिला प्रश्न येतो: “काहून लिहून राहिले, बाप्पा?” ही फिल्म करायला गेलेल्या आम्हालाही तोच आला. खरं सांगायचं तर आमच्याकडे तयार उत्तर नव्हतं.

[दृश्य: गडचिरोलीचा रस्ता, दोन्ही बाजूंना बांबू.]

या प्रश्नाला एक उत्तर धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावात सापडतं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच. घोषणा सगळ्यांना पाठ आहे. मागची मेहनत कमी जणांना माहीत आहे. गावाने अभ्यासगट केले. गावातले देवाजी तोफा, कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी एकत्र बसून एकेक विषय फोडायचे: जंगल कोणाचं, कायदा काय म्हणतो, पोळं जाळल्याशिवाय मध काढता येईल का. बाहेरचा जाणकार बोलावला तरी तो गटात बसणार, गटाच्या डोक्यावर नाही. निर्णय मतदानाने नाही, सगळ्यांच्या संमतीने. वेळ लागतो. पुष्कळ लागतो.

२००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबूच्या वाहतुकीचा पास वन खात्याच्याच हातात राहिला. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले, तेव्हा ते पासबुक ग्रामसभेला मिळालं.

हा हक्क देणाऱ्या वनहक्क कायद्याच्या नियमांत एक बारीकशी सोय आहे. पुरावा म्हणून फक्त सरकारी कागदच लागतो असं नाही. म्हाताऱ्या माणसाचा लिहून घेतलेला जबाब चालतो. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान हेही चालतं. म्हणजे आजीबाई हात करून दाखवते ती जागा नकाशावर आली, की तोही एक पुरावा. लोकांनी स्वतःचं संशोधन स्वतः करावं, हे म्हणणं जुनं आहे. कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ ओर्लांदो फाल्स बोर्दा यांनी १९७७ च्या कार्ताहेना परिषदेत त्याचीच मांडणी केली. इथे ते थेट सातबाऱ्याच्या कामाला येतं.

[दृश्य: हिवाळा. नागपुरातली स्वेटरची दुकानं, तिबेटी बाई माप घेताना.]

आता त्याच जंगलाच्या कडेला दुसरे शेजारी. गोंदियातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. गडचिरोलीतल्या मुलचेरा, चामोर्शी भागात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची गावं आहेत, साठच्या दशकात वसवलेली. आदिवासी नसलेल्याला जंगलावर हक्क मागायचा तर डिसेंबर २००५ पूर्वीचा ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो, म्हणजे १९३० पासूनचा. ज्यांचं गाव तेव्हा पूर्व बंगालात, पद्मा नदीपलीकडे होतं, त्यांनी इथली विहीर दाखवायची कुठून? एका समाजाला आठवण उपयोगी पडते, दुसऱ्याची आठवण सीमेपलीकडे राहिलेली. आणि जमीन एकच. दोघांना एका सतरंजीवर बसवून ‘सहभाग’ म्हणणं सोपं आहे. कोणाचा पट्टा कोणाच्या चराईवर पडला, हे विचारताना बैठकीत आवाज चढतात.

तिबेटी माणसाची अडचण आणखी निराळी. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्याच्या हातात असते परदेशी नागरिक म्हणून नोंदणीची ‘आरसी’, मुदत संपली की नवी करायची. तिबेटात मागे राहिलेले नातलग असतील तर साधा फोटोसुद्धा जपून द्यावा लागतो. अशा ठिकाणी काय लिहायचं याआधी काय लिहायचं नाही, हे ठरवावं लागतं, आणि ठरवायचं त्यांनीच.

[दृश्य: टेबलावर लॅपटॉप, समोर पाठमोरी माणसं.]

ही फिल्म आधी तिच्यात दिसणाऱ्या माणसांनाच दाखवली. एका मावशींनी दोन जागी हात वर केला. पहिल्या जागी आम्ही गावाचं नाव चुकीचं उच्चारलं होतं, ते सुधारलं. दुसऱ्या जागी त्या म्हणाल्या, “हे काढा.” का, ते सांगितलं नाही.

[पडदा काळा, आठ सेकंद. आवाज नाही.]

ते इथे होतं.