वाटीतलं पाणी आणि तात्या

नमस्कार, श्रोतेहो. शॅमेलिऑन, म्हणजे घोयरा सरडा, पहिल्यांदाच घरी आणताय? कायद्याची परवानगी आहे ना, तो रानातून पकडलेला नाही ना, एवढं आधी विचारून घ्या. आणि मग आमच्या तात्याची गोष्ट ऐका.

तात्या व्हेल्ड जातीचा. डोक्यावर पगडी चढवल्यासारखा तुरा, म्हणून तात्या. आणला त्या दिवशी पिंजऱ्यात वाटीभर पाणी ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाणी जिथल्या तिथे. वाटलं, वाटी खोल असेल, म्हणून बशी ठेवली. बशीलाही तोंड नाही. मी बशी टकटक वाजवून दाखवली, तर स्वारीचा एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा छताकडे! चौथ्या दिवशी मात्र ते टपोरे डोळे खोल गेले. विष्ठेतला पांढरा भाग केशरी दिसू लागला. माझं धाबं दणाणलं.

त्या संध्याकाळी शेजारच्या कुंड्यांवर पाणी फवारत होतो. चार तुषार जाळीतून त्याच्या पानांवर उडाले. तात्या हलला. एक पाऊल पुढे, जरा मागे, पुन्हा पुढे, असा झुलत झुलत पानाच्या टोकाशी आला आणि तिथे लोंबणारा थेंब चाटू लागला. मग दुसरा. मग तिसरा. मी फवारतोय, तो पितोय. आतून जेवणाच्या हाका येताहेत, माझा अंगठा भरून आलाय, पण थांबायची छाती होईना.

तेव्हा लक्षात ठेवा, साचलेलं पाणी याला बहुधा पाणी म्हणून कळतच नाही. तो थेंब पितो. पानांवरचे थेंब! रोज सकाळ-संध्याकाळ फवारा, जोडीला सलाइनसारखी ठिबक. मधल्या वेळात पानं वाळू द्या, कोंदट ओलीत छातीचा संसर्ग होतो. म्हणून पिंजरा जाळीचा आणि उंच हवा, पूर्ण वाढलेल्याला साधारण दोन बाय दोन फूट आणि चार फूट उंच. एका पिंजऱ्यात एकच. आरशातलं स्वतःचं रूपही त्याला खपत नाही.

पाहुण्यांना तो हातात देऊ नका.   

यूव्हीबी, म्हणजे उन्हातल्यासारखे अतिनील किरण देणारा दिवा हवाच. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. दिवा पेटत राहतो, पण त्यातलं यूव्हीबी आधी ओसरतं, म्हणून सहा महिने ते वर्षात बदला. त्याला खायला द्यायच्या किड्यांना कॅल्शियमची भुकटी लावा. हे चुकलं की हाडं मऊ होऊन वाकतात.

आणि हो, आणताना मागच्या पायांच्या टाचा बघा. व्हेल्ड नराला तिथे जन्मतःच बारीक काटा असतो. मी पाहिला नव्हता. काही महिन्यांनी तात्या खाली उतरून तळ खरवडू लागला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, अहो, ही मादी आहे, अंड्यांवर आलीय. नर नसतानाही अंडी होतात, आणि खणायला जागा नसली तर ती पोटातच अडकून जीव जातो. धावत जाऊन ओल्या वाळूची बादली ठेवली. तिने बोगदा खणला, अंडी घातली, वर वाळू लोटून दाबली आणि फांदीवर जाऊन बसली.

नाव मात्र तात्याच राहिलं.