साडेपाच रेटिंगचा पिक्चर बघावा का?

(आमच्या वाचनालयाच्या उन्हाळी व्याख्यानमालेत केलेलं हे बोलणं. रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं साफसूफ केलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी. मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पहिल्या दोन ओळी रिकाम्याच आहेत.

मागच्या महिन्यातली गोष्ट सांगतो. बहीण, मेहुणे, भाचा, आई आणि मी असे पाच जण शनिवारी संध्याकाळी पिक्चरला जायचं ठरवून बसलेलो. मराठी पिक्चर, आदल्या दिवशीच लागलेला, त्यातल्या नटीचं काम बहिणीला फार आवडतं म्हणून तिचाच आग्रह होता. भाच्याने तिकिटं काढायला मोबाईल उघडला नि म्हणाला, मामा, ५.८ आहे. झालं. कोणी वाद पण घातला नाही, ५.८ म्हटल्यावर विषयच संपला, मग घरीच टीव्हीवर काय बघायचं ते शोधण्यात पाऊण तास गेला, प्रत्येकाचं रेटिंग तपासत तपासत, आणि शेवटी जेवून सगळे झोपले. पुढच्या शनिवारी मी म्हटलं एकटाच जाऊन येतो, तर तालुक्याच्या थेटरातून तो उतरला होता. नंतर मी उघडून बघितलं तर मतं होती एकशे चाळीस. म्हणजे आमच्या घरातल्या पाच माणसांची संध्याकाळ एकशे चाळीस अनोळखी लोकांनी ठरवली, आणि आम्ही त्यांना साधं विचारलं पण नाही की बाबांनो तुम्हाला काय खटकलं.

आता हा आकडा येतो कुठनं ते आधी बघू. आयएमडीबी म्हणून पिक्चरची माहिती नि रेटिंग देणारी वेबसाईट आहे, तिथे अकाउंट काढलेला कुणीही १ ते १० मधला आकडा देऊ शकतो, तुम्ही पिक्चर बघितलाय का हे तिथे कुणी तपासत नाही. आणि जो आकडा आपल्याला दिसतो तो साधी सरासरी नसतो, ते लोक काही मतांना कमी वजन देतात काहींना जास्त, आणि नेमकं कसं ते उघड सांगत नाहीत, कारण सांगितलं तर लोक त्याच्यातून वाट काढतील. ते ठीकच आहे, त्यांची अडचण समजू शकतो. पण तरीही वाट काढतातच.

'गुंडे' नावाचा हिंदी पिक्चर आठवतो का, २०१४ च्या फेब्रुवारीत आलेला? त्यात सुरवातीला १९७१ च्या युद्धाचं वर्णन असं होतं की जणू ते फक्त भारत-पाकिस्तानचं युद्ध, आणि त्यातनं बांगलादेश तयार झाला. आता ज्यांच्या घरातली माणसं त्या मुक्तिसंग्रामात गेली त्यांना हे किती लागलं असेल बघा. बांगलादेशातल्या तरुणांनी ठरवून, एकमेकांना सांगून, हजारोंनी १ दिला, आणि काही दिवसांत तो आयएमडीबीवरचा सगळ्यात खालचा पिक्चर झाला. त्यांचा राग मला खरा वाटतो, निर्मात्यांनी नंतर माफी पण मागितली. पण तो आकडा पिक्चरबद्दल काय सांगतो? नटांचं काम कसंय, गाणी कशी आहेत, दोन तास बसवेल का, यातलं काहीच नाही. तो एका देशाचा निषेध होता, रेटिंगच्या डब्यात टाकलेला. आणि याची दुसरी बाजू २०२० मध्ये बघितली आपण. सुशांतसिंह राजपूत गेल्यानंतर त्याचा शेवटचा पिक्चर जुलैत आला तेव्हा सुरवातीच्या काही तासांत रेटिंग साडेनवाच्या वर होतं, लोक रडत होते, प्रेम होतं ते. त्याच्या महिन्याभरानंतर आलेला 'सडक २' मात्र लोकांनी एक एक देऊन तळाला नेला, सुशांतला फिल्मी घराण्यांनी बाजूला टाकलं या रागातनं, आणि त्यातले कितीतरी जण तो बघायला बसलेच नसणार. दोन्हीकडे आकडा भावनेचा होता, पडद्यावर जे होतं त्याचा नव्हता.

असं मोठं वादळ दरवेळी नसतं हे मान्य. रोजच्या पिक्चरला मग सरासरीचाच प्रॉब्लेम असतो. शंभर माणसं घ्या, पंचावन्न जणांनी १० दिले आणि पंचेचाळीस जणांनी १ दिला, सरासरी येते ५.९५. आता दुसरे शंभर घ्या, सगळ्यांनी निमूटपणे ६ दिले, सरासरी ६. मोबाईलवर दोन्ही पिक्चर सारखेच दिसणार! पण दुसरा पिक्चर म्हणजे टाइमपास, बघितला काय नि नाही काय. पहिला मात्र असा आहे की अर्ध्या लोकांना आयुष्यभर लक्षात राहील. मला कुणी विचारलं तर मी डोळे मिटून पहिल्याला जाईन, मला तो आवडणार नाही हा धोका पत्करून.

हे मला घरातच कळलं, रेटिंग वगैरे शब्द माहीत नव्हता तेव्हा. जब्बार पटेलांचा 'उंबरठा', १९८२ चा, स्मिता पाटील. आमच्याकडे तो टीव्हीवर लागला तेव्हा मी शाळेत होतो. सुलभा घर, नवरा, लहान मुलगी सोडून महिलाश्रमात नोकरीला जाते, परत येते तेव्हा घर तिचं राहिलेलं नसतं, आणि ती पुन्हा निघते. पिक्चर संपला आणि आई नि आजी दोघींचं जे सुरू झालं ते पंधरा दिवस चाललं. आजीचं म्हणणं एकच, पोरीला टाकून कसली गेली, त्या पोरीचा काय गुन्हा. आई म्हणायची, तिने काय आयुष्यभर जावांच्या कौतुकाच्या गोष्टी ऐकत बसायचं का. भाकरी थापताना वाद, कपडे वाळत घालताना वाद. आजीने दिले असते २ आणि आईने १०. सरासरी किती, ६. त्या ६ मध्ये ना आजी आहे ना आई.

टमाट्यांची जी वेबसाईट आहे, रॉटन टोमॅटोज, तिथे तर अजून वेगळं गणित. तिथले टक्के म्हणजे मार्क नाहीत, हे खूप लोकांना माहीत नसतं. तिथे समीक्षक किती टक्के 'बरा आहे' म्हणाले एवढंच मोजतात, साठच्या वर गेलं की लाल टमाटा. म्हणजे शंभरच्या शंभर समीक्षकांनी 'ठीक आहे, चालेल' म्हटलं तर १०० टक्के, आणि सत्तर जण वेडे झाले, तीस जणांना झेपला नाही, तर ७० टक्के. पहिला शंभर नंबरी, दुसरा कसाबसा पास असं आपल्याला वाटतं, आणि आपण पहिलाच निवडतो.

आणि आपल्या मराठी पिक्चरची तर मतंच इतकी कमी असतात. दोनशे मतांत टीमचे मित्र, नातेवाईक धरले तर तीस-चाळीस दहा दहा पडले की आकडा वर, आणि कुणाचं तरी भांडण असलं की खाली. त्यामुळे माझा एक नियम, मतं हजाराच्या आत असली की मी आकडा बघितलाच नाही असं धरून चालतो. तीन-चार लाख मतं असतील, थ्रिलर असेल, तर आकड्यावर बऱ्यापैकी भरवसा ठेवतो, तिथे तो उपयोगी आहे, उगीच सगळंच खोटं म्हणण्यात अर्थ नाही.

मग आकडा सोडला तर काय धरायचं? माझा अनुभव असा की तक्रारी वाचा. कौतुकाचे रिव्ह्यू सगळे एकसारखे असतात, अप्रतिम, मास्टरपीस, अंगावर काटा. पण ज्याला आवडला नाही तो माणूस नेमकं लिहितो, आणि त्याच्या तक्रारीत तुमची आवड लपलेली असू शकते.

चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट' घ्या. २०१४ ला व्हेनिसला बक्षिसं, राष्ट्रीय पुरस्कार, ऑस्करला भारताकडून तोच पाठवलेला. आणि तरी आमच्या फिल्म क्लबमध्ये दाखवला तेव्हा मध्यंतरातच सात-आठ जण उठून गेले, नंतर त्यांच्याकडून ऐकलं ते असं, कॅमेरा जागचा हलत नाही, काही घडतच नाही, वकीलबाई नुसतं वाचत बसते. तीनही गोष्टी खऱ्या आहेत! एका म्हाताऱ्या शाहिरावर आरोप आहे की याचं गाणं ऐकून एका गटार साफ करणाऱ्या कामगाराने जीव दिला, आणि ती केस तारखांवर तारखा घेत चालते. कॅमेरा लांब उभा राहून बघत राहतो, आपण कोर्टात मागच्या बाकावर बसल्यासारखा. सरकारी वकीलबाई सपाट आवाजात कलमं वाचते, आणि मग पिक्चर तिच्या मागे मागे जातो, लोकलमधून घरी, स्वयंपाक, पोरं, नवरा, आणि आपल्याला ती खलनायिका म्हणून बघताच येत नाही, ती आपल्या शेजारची आहे. त्या कामगाराच्या बायकोची साक्ष आहे, ती सांगते की तो आधी गटारात खडा टाकायचा, झुरळं बाहेर आली म्हणजे आत हवा आहे, मग उतरायचा. हे ती बाई काही रडून नाही सांगत, जसं आपण सांगतो ना, गॅस बंद केला, दार लावलं, तसं सांगते. मला ते ऐकताना बाकावरून हलता आलं नाही. आता ज्याने आयुष्यात कधी कोर्टाच्या तारखेला जाऊन नुसतं बसून परत आलेलं आहे, आणि या सभागृहात अशी माणसं नक्की आहेत, जमिनीच्या वाटणीचे दावे घरोघरी आहेत, त्याला 'काही घडत नाही' ही तक्रार वाचून उलट वाटायला पाहिजे की अरे, हा माझाच पिक्चर आहे.

म्हणजे 'स्लो आहे' हे वाक्य वाचलं की थांबा आणि बघा कुणी लिहिलंय, त्याला काय पाहिजे होतं. 'शेवट अर्धवट सोडला' लिहिलंय, तुम्हाला तसा शेवट चालतो का? 'गाणीच नाहीत' लिहिलंय, बरं झालं की वाईट झालं? याउलट 'पटकथेत उत्तरार्धात काही ताळमेळ नाही, पहिल्या भागात मेलेला माणूस...' असं नेमकं कुणी दाखवून देत असेल, आणि तीन वेगळी माणसं तेच म्हणत असतील, तर ते ऐकावं, तिथे पैसे वाचतात. आणि हे सगळं बघताना १ वाले नि १० वाले दोन्ही बाजूला ठेवून ५-६-७ दिलेल्या लोकांचं वाचावं, त्यांनी विचार करून लिहिलेलं असतं असं मला तरी आढळलंय.

दुसरं, माणसं धरा. नट-नटी तर आपण बघतोच, पण कॅमेरा कुणाचा, लेखक कोण, हे बघायची सवय लावा. अविनाश अरुण मूळचा कॅमेरामन, त्याने 'किल्ला' केला, त्याला बर्लिनला लहान मुलांच्या पिक्चरमधलं बक्षीस मिळालं. कथा म्हणाल तर दोन ओळींची, वडील गेलेत, आईची बदली कोकणातल्या छोट्या गावात होते, अकरा वर्षांचा पोरगा तिथे रुळतो न रुळतो. आम्ही दाखवला त्या दिवशी एक बाई आल्या होत्या, महसूल खात्यात नोकरी केलेल्या, चार तालुके फिरलेल्या. पिक्चर संपल्यावर त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि बोलता येईना, मग एवढंच म्हणाल्या की माझ्या मुलाने चार शाळा बदलल्या आणि मी त्याला एकदा पण विचारलं नाही की तुला तिथे मित्र आहेत का. खाली बसल्या. सगळा हॉल गप्प. आता या बाईंना ७.९ की ८.१ हे सांगून काय उपयोग होता सांगा. त्यांना कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, बदलीची नोकरी आणि एकटं पोर, जा बघून या.

असं सांगणारं माणूस प्रत्येकाकडे असावं. आणि ते आपल्यासारख्याच आवडीचं असायला पाहिजे असं बिलकुल नाही. माझा एक मित्र आहे, त्याला आवडला की मला शंभर टक्के आवडत नाही, वीस वर्षं हे चाललंय, त्याच्याइतका भरवशाचा सल्लागार मला नाही. माणसांनी सांगण्याचा जोर बघायचा तर 'तुंबाड' हा हिंदी भयपट घ्या, २०१८ ला आला तेव्हा रेटिंग चांगलं होतं, तरी थेटरात गर्दी नव्हती. २०२४ च्या सप्टेंबरात परत लावला तर आधीपेक्षा जास्त धंदा केला. चांगला आकडा तर तिथे आधीपासूनच होता, पण मधल्या काळात लोकांनी लोकांना सांगितलं, अरे तो मोठ्या पडद्यावर बघायचा राहिला, तेव्हा थेटर भरलं.

पण मराठी पिक्चरला अशी सहा वर्षं कोण देतं? शुक्रवारी लागतो, शनिवार-रविवारी लोक म्हणतात रेटिंग येऊ दे, मग सोमवारी शो कमी होतात, दुपारी साडेबाराचा एकच राहतो, नोकरीवाला माणूस त्याला जाऊ शकत नाही, आणि गुरुवारी उतरतो. आपण ज्याची वाट बघत बसतो ना, ते रेटिंग आपणच द्यायचं असतं. म्हणून माझी विनंती आहे, ज्या पिक्चरचा विषय वाचून, ट्रेलर बघून, माणसं बघून तुमच्या पोटात काहीतरी हललं, त्याला पहिल्या तीन दिवसांत जा, आकडा घरी परत आल्यावर बघा. आमच्या क्लबात आम्ही दारात चिठ्ठी देतो, आकडा लिहायचा नाही, कुठला प्रसंग लक्षात राहिला तेवढा एक लिहायचा. त्या चिठ्ठ्या मी जपून ठेवल्यात, कुणाला बघायच्या असतील तर नंतर दाखवतो.

एक शेवटचं सांगतो, मग प्रश्न घेऊ. आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई चौऱ्याहत्तरची आहे. मागच्या दिवाळीत मी तिला विचारलं 'उंबरठा' परत बघायचा का, लॅपटॉपवर लावला, ती काही न बोलता पूर्ण बघत बसली. सुलभा परत येते आणि तिची मुलगी तिच्याजवळ येत नाही, तो प्रसंग आला तेव्हा आई म्हणाली, थांबव जरा. मी थांबवला. बराच वेळ ती स्क्रीनकडे बघत होती, मग म्हणाली, तुझी आजी या पोरीबद्दल बोलत होती, आणि मी तिला बोलूच दिलं नाही.