सुसरबाई, तुझी पाठ खरंच मऊ?

नमस्कार मंडळी! मागं दिसतोय तो सांगलीचा आयर्विन पूल. मी मात्र पाण्यापासून वीस पावलं लांब उभा आहे.

भिलवडी, औदुंबर, डिग्रज, कुठंही विचारा, "नदीत सुसर हाय" हेच ऐकू येतं. पण कृष्णेत आहे ती मगर. रुंद तोंडाची, मासा म्हणू नका, कुत्रं म्हणू नका, काहीही चालतं तिला. पुस्तकातली सुसर म्हणजे घडियाल. ती बघायची तर उत्तरेतली चंबळ नदी गाठायची. तोंड सांडशीसारखं लांब, निमुळतं, शंभरावर दात, आणि खाणं मुख्यतः मासे. मोठ्या नराच्या नाकावर घड्यासारखा फुगवटा येतो, म्हणून घडियाल.

१९७० च्या दशकात मोठ्या घडियाल देशात दोनशेच्या आसपास उरल्या होत्या. कातड्यासाठी मारल्या, धरणांनी पाणी अडवलं, मासेमारीच्या जाळ्यात बुडून मेल्या. हो, सुसरही बुडते. श्वासाला तिला वर यावंच लागतं! १९७५ ला सरकारनं अंडी गोळा करून पिल्लं वाढवायला घेतली, सव्वा मीटरभर झाली की नदीत सोडायची. १९७९ ला चंबळ अभयारण्य झालं. आकडा वाढला, आणि २००७-०८ च्या हिवाळ्यात चंबळेत शंभरावर घडियाल मेल्या. मूत्रपिंडं निकामी झाली होती.

पण खरी गोम वाळूत आहे. घडियाल उन्हाळ्यात वाळूत खड्डा करून अंडी घालते. नर होणार की मादी, ते वाळूच्या उबेवर ठरतं. तिथली वाळू डंपरमध्ये गेली की घरटंही गेलं. पिल्लं निघतात पावसाच्या तोंडाला, आणि बाप त्यांना पाठीवर घेऊन पाण्यात पडून राहतो. शंभर-शंभर पिल्लं! आपली म्हण करणाऱ्यानं हे बघितलं नसावं.

आपली मगर काठच्या मातीत अंडी घालते, बिळं करते. आपण काय करतो? वाळू बांधकामाला, नदीकाठच्या मळीची माती वीटभट्टीला. मग ती घाटाजवळ दिसली की बोंब.

तर शेतकरी दादांनो, मोटरीच्या फुटव्हॉल्व्हला कचरा अडकला म्हणून एकट्यानं पाण्यात उतरू नका, मे-जूनमध्ये तर नकोच. पिल्लांपाशी आई असते. आणि पिल्लू दिसलं तर फोटोसाठी उचलू नका, वनखात्याला १९२६ वर फोन लावा.

हे बघा, आमचा कॅमेरावाला पाण्याकडं सरकायलाय. अरे, मागं ये की!