दोन भावार्थदीपिका

इथे ज्ञानेश्वरीचं पारायण किती जणांनी केलंय, जरा हात वर करा... बरेच आहेत, आळंदी एवढी जवळ म्हटल्यावर असणारच. म्हणजे तुम्ही प्रत्येक अध्यायाच्या शेवटी "इति श्रीज्ञानदेवविरचितायां भावार्थदीपिकायां" हे वाचलेलं आहे. त्यामुळे भावार्थदीपिका म्हणजे ज्ञानेश्वरी हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलंय की त्या नावाची दुसरी टीका, म्हणजे मूळ ग्रंथाचा अर्थ उलगडणारा दुसरा ग्रंथ, असेल हे डोक्यातच येत नाही. पण आहे. श्रीधरस्वामींनी भागवत पुराणावर संस्कृतात टीका लिहिली, तिचंही नाव भावार्थदीपिका, आणि ती काही कुठली कोपऱ्यातली टीका नाही, चैतन्य महाप्रभूंच्या परंपरेत तिला फार मान आहे.

मी विकिडेटावर मराठी-संस्कृत ग्रंथांच्या नोंदी करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, विकिडेटा म्हणजे विकिपीडियाच्या जोडीचा, कोणालाही भर घालता येणारा डेटाबेस, २०१२ साली सुरू झाला, त्यात प्रत्येक गोष्टीचा एक आयटम असतो, त्याला एक नंबर, एक लेबल, छोटं वर्णन, पर्यायी नावं, आणि खाली लेखक, भाषा, विषय वगैरे माहिती. एका रात्री मी सर्चमध्ये भावार्थदीपिका टाकलं तर दोन आयटम आले, एक ज्ञानेश्वरीचा आणि दुसरा जवळजवळ रिकामा, लेखक नाही, भाषा नाही, वर्णनात नुसतं "धार्मिक ग्रंथावरील टीका". मला वाटलं डुप्लिकेट आहे, आणि मी मर्ज करून टाकलं, म्हणजे दोन्ही मिळून एकच आयटम केला. चार दिवसांनी लक्षात आलं की त्या रिकाम्या आयटमला एका ग्रंथालयाच्या कॅटलॉगचा नंबर जोडलेला होता, तो उघडला तर समोर भागवताची पोथी! म्हणजे चार दिवस तो डेटाबेस जगाला सांगत होता की ती संस्कृत पोथी ज्ञानेश्वरांची आहे. मला त्या रात्री झोप लागली नाही, खरंच सांगते, कारण इथली माहिती पुढे कुठे कुठे उचलली जाते त्याचा पत्ता लागत नाही. मर्ज उलटवता येतं, पण मध्ये ज्यांनी ती माहिती घेतली त्यांच्याकडून ती परत कशी आणणार?

बरं, सिस्टीम अडवत नाही का, तर थोडंफार अडवते. दोन्ही आयटमना एकाच विकिपीडियावर वेगवेगळे लेख जोडलेले असतील तर मर्ज होत नाही. पण एकाला लेखच नसेल तर निमूटपणे होऊन जातं, आणि आपल्या टीकाग्रंथांपैकी कितीतरींवर लेखच नाहीत.

आता नावं अशी सारखी का असतात? दीपिका, चंद्रिका, प्रदीप, सुबोधिनी ही नावं टीका काय काम करते ते सांगतात. उजेड पाडते, सोपं करून सांगते. वाड्यात "आजी" म्हणून हाक मारली की चार खिडक्या उघडतात ना, तसं आहे हे, कोणाची आजी ते सांगितल्याशिवाय उपयोग नाही. सुबोधिनी घ्या. वल्लभाचार्यांची सुबोधिनी भागवतावर, याच श्रीधरस्वामींची सुबोधिनी गीतेवर, आणि नृसिंहसरस्वतींची सुबोधिनी वेदान्तसारावर. वकील मंडळींना मिताक्षरा माहीत असते, ती विज्ञानेश्वरांची याज्ञवल्क्यस्मृतीवरची, पण गौतमधर्मसूत्रावर हरदत्तांची टीका आहे तीही मिताक्षराच.

मग मी स्वतःपुरता नियम केला, नाव बघायचं नाही, मूळ ग्रंथ बघायचा. हा नियम बरेच दिवस चालला आणि अणुभाष्यापाशी येऊन मोडला. मध्वाचार्यांचं अणुभाष्य ब्रह्मसूत्रांवर, म्हणजे वेदान्ताच्या मूळ सूत्रग्रंथावर आहे, मोजक्या श्लोकांतलं. वल्लभाचार्यांचं अणुभाष्य, तेही ब्रह्मसूत्रांवरच! नाव तेच, मूळ ग्रंथ तोच, भाषा तीच, फक्त माणूस वेगळा आणि सिद्धांत पार वेगळा, एक द्वैत आणि एक शुद्धाद्वैत. त्यातून वल्लभांचं अणुभाष्य त्यांच्या हातून पुरं झालं नाही, शेवटचा भाग त्यांचे चिरंजीव विठ्ठलनाथ यांनी लिहिला, म्हणजे लेखकाच्या रकान्यात एक नाव टाकून भागत नाही. आणि मध्वांचं ब्रह्मसूत्रांवर मोठं भाष्यही आहे, तेव्हा "मध्वांचं ब्रह्मसूत्रावरचं भाष्य" एवढंच लिहिलं तरी घोळ राहतोच.

लेखकाचं नाव तरी भरवशाचं का? श्रीधर म्हटलं की मराठी माणसाला हरिविजय, पांडवप्रताप लिहिणारे नाझऱ्याचे श्रीधर आठवतात, कोणाला सज्जनगडाशी जोडलेले विसाव्या शतकातले श्रीधरस्वामी. भागवताचे टीकाकार या दोघांच्या कितीतरी आधीचे. ड्रॉपडाउनमध्ये पहिला दिसला तो श्रीधर निवडला की झालं, तीनशे वर्षांपूर्वीचा मराठी कवी संस्कृत टीकाकार होऊन बसतो.

म्हणून आता मी वर्णनात तीन गोष्टी लिहिल्याशिवाय पुढे जात नाही, कोणाची, कशावरची, कुठल्या भाषेतली. "ज्ञानेश्वरांची भगवद्गीतेवरील मराठी टीका". "श्रीधरस्वामींची भागवत पुराणावरील संस्कृत टीका". लेबल आणि वर्णन दोन्ही तंतोतंत सारखं असलेले दोन आयटम एका भाषेत सिस्टीम ठेवूच देत नाही, पण नुसतं "टीका" आणि "टीकाग्रंथ" असा फरक केला तरी ती मान्य करते, तेव्हा तिच्यावर विसंबून चालत नाही. शिवाय दोन्ही आयटमवर एकमेकांकडे बोट दाखवणारं "याहून वेगळे" हे विधान टाकायचं, म्हणजे रात्री अकरा वाजता कोणी माझ्यासारखं मर्ज करायला निघालं तर त्याला दिसेल. हे दोन्हीकडे टाकायचं बरं का, बरेच जण एकाच बाजूला टाकून मोकळे होतात.

एक मात्र उलटं आहे. ज्ञानेश्वरी, ज्ञानदेवी, भावार्थदीपिका ही तीन नावं एकाच ग्रंथाची, शके १२१२ म्हणजे १२९० सालच्या, तिथे तीन आयटम करायचे नाहीत. पण एकनाथांनी १५८४ साली शुद्ध केलेली प्रत, किंवा आज आपल्या घरात असलेली छापील आवृत्ती, यांना वेगळे आयटम देता येतात, मात्र "या ग्रंथाची आवृत्ती" असं मूळ आयटमला जोडून.

चला, आता प्रत्यक्ष करूया. ज्यांनी घरातल्या जुन्या पोथ्या आणल्यात त्यांनी पहिलं पान नको, एखाद्या अध्यायाचं शेवटचं पान उघडा, जिथे "इति श्री" सुरू होतं तिथे. त्या एका ओळीत बहुतेक वेळा टीकाकार असतो, टीकेचं नाव असतं, आणि मूळ ग्रंथही. तुम्ही आजोबा, तुमच्या पोथीपासून सुरुवात करूया, सावकाश वाचा, मी टाइप करते.