चोवीस आरे, एक केंद्र

मंडळी, आज इंकस्केप या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये अशोकचक्र काढू. राष्ट्रध्वजावरचं चक्र आहे, तेव्हा आरे अंदाजाने बसवून चालणार नाही. आरे 24, म्हणजे दोन आऱ्यांमध्ये बरोबर 15 अंश. इंकस्केपमध्ये चौकटी कंसाची कळ एकदा दाबली की निवडलेली वस्तूही 15 अंशच फिरते. मग एक आरा काढायचा, कंट्रोल-डीने प्रत घ्यायची, कंस दाबायचा. पण एवढंच केलंत तर सगळे आरे एकाच जागी, स्वतःच्याच पोटाभोवती फिरतील. मधला तुंबा, म्हणजे चक्राच्या मध्यावरचं छोटं वर्तुळ, राहील बाजूला.

म्हणून आधी अलाइन, म्हणजे वस्तू एकमेकींशी रेषेत जुळवणं. आरा निवडा, मग शिफ्ट धरून तुंब्याचं वर्तुळ निवडा. अलाइनच्या चौकटीत ‘लास्ट सिलेक्टेड’ ठेवलंत तर शेवटी निवडलेली वस्तू जागची हलत नाही, दुसरी तिच्याकडे सरकते. हा क्रम उलटा झाला की तुंबाच आऱ्याकडे जातो! उभ्या अक्षावर मध्य जुळवा. आरा तुंब्याच्या बरोबर डोक्यावर येईल.

आता फक्त आरा निवडून त्याच्यावर पुन्हा एकदा क्लिक करा. कोपऱ्यांतले बाण वळलेले दिसतील आणि मधोमध एक बारीक फुली येईल. आरा फिरतो तो या फुलीभोवती. स्नॅपिंग (जवळच्या बिंदूला आपोआप चिकटणं) चालू ठेवून ती ओढा आणि तुंब्याच्या केंद्रावर सोडा. प्रत काढली तरी फुली तिथेच राहते, म्हणून हे काम एकदाच. मग प्रत, कंस, प्रत, कंस, असं 23 वेळा. चक्र पुरं होतं आणि कुठेही फट राहत नाही.

फुली मुळात मधोमध येते ती कशाच्या? वस्तूभोवतीच्या अदृश्य आयताच्या, म्हणजे बाउंडिंग बॉक्सच्या. मला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो, कारण अलाइनसुद्धा हाच आयत बघतं. वर्तुळाला, चौरसाला त्याने फरक पडत नाही. समभुज त्रिकोणाला पडतो. त्याची उंची 90 मिलिमीटर धरा. खरं केंद्र पायापासून 30 वर, आयताचं 45 वर. 120 अंश फिरवलेला त्रिकोण मूळ जागी बसायला हवा, पण तो बसत नाही, कारण फुली 15 मिलिमीटर वर आहे. व्हिडिओच्या प्ले बटणातही तेच होतं: गोलाच्या मध्यावर अलाइन केलेला त्रिकोण डोळ्याला डावीकडे सरकलेला वाटतो. तिथे बेधडक ॲरो कीने त्याला उजवीकडे ढकला. डोळ्याला जे मध्यावर दिसतं तेच खरं धरा.

रेषेच्या जाडीचंही बघा. इंकस्केप ती धरूनच आयत मोजतं. जाड कडेची चौकट आणि बिनकडेची चौकट डावीकडे अलाइन केल्यात तर त्यांचे कोपऱ्यांतले बिंदू जुळत नाहीत, बाहेरच्या कडा जुळतात. बिंदू जुळवायचे असतील तर प्रेफरन्सेसमध्ये टूल्सखाली ‘जिओमेट्रिक बाउंडिंग बॉक्स’ निवडा.